पासपोर्टच्या बाकावर कधीच न बसलेल्या बारा जणी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. आमच्याकडचे साहेब लोक निवृत्त झाले की आपल्या केसच्या आठवणी लिहितात. मी पोलीस नव्हते, मंडईजवळच्या ठाण्यात सफाई कामगार होते. पण एका केसची ती दुपार माझ्याही डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. नाव कोणाचंच लिहीत नाही.

मंडईत भाजी विकणाऱ्या बारा जणींनी सिंगापूरला जायचं ठरवलं होतं. तीन वर्षं त्या महिन्याला पैसे बाजूला टाकत होत्या. ते गोळा करून सहलवाल्याकडे पोचवायचं काम मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एका विधवा बाईकडे होतं. मी तिच्याकडूनच भाजी घ्यायचे, त्यामुळे तयारी कानावर यायची. विमानात शेंगदाण्याची चटणी नेऊ देतात का, तिथं नऊवारी चालेल का. एकीने बूट आणले होते आणि सवय व्हावी म्हणून गाळ्यावर ते घालून बसायची. सहलवाला त्यांचे फोटो आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन गेला होता. म्हणाला होता, "पासपोर्ट, व्हिसा माझ्यावर सोडा, ताई. तुम्ही फक्त बॅगा भरा."

निघायची तारीख दोनदा पुढे गेली. मग तो म्हणाला, पैसे अर्धेच आले, म्हणून व्हिसा अडकला. अकरा जणींनी बारावीला, म्हणजे पैसे गोळा करणाऱ्या त्या विधवा बाईला, हाताला धरून ठाण्यात आणलं.

"पावती कुठंय?" साहेबांनी विचारलं. ते उपनिरीक्षक होते, नवीनच बदलून आलेले.

"तो म्हणाला, घरच्यासारखं आहे, पावती कशाला," ती म्हणाली.

"वा! घरचा माणूस!"

महिला पोलीस बंदोबस्ताला गेल्या होत्या, म्हणून साहेबांनी मला तिच्याजवळ बसायला सांगितलं. बाहेरून तिच्याच मैत्रिणी ओरडत होत्या, "खाल्लेस ना गं आमचे पैसे? उद्या बस मंडईत, कशी बसतेस बघते!"

सहलवाला बोलावल्याबरोबर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, आवाज गोड. "साहेब, बाराही पासपोर्ट तयार आहेत. मुंबईला वकिलातीत पडलेत. ताईंनी उरलेले पैसे द्यावेत, मी उद्या व्हिसा आणतो." त्याचा जबाब लिहून झाला, त्याने सही केली.

साहेब तिच्याकडे वळले. "बाई, अर्धे पैसे कुठं आहेत? लवकर सांगा. सिंगापूर लांब आहे, येरवडा जवळ आहे."

"नातीची शपथ, सगळे ह्याच्या हातात दिले," ती म्हणाली. एवढंच ती तासभर म्हणत होती. साहेबांनी हवालदाराला अटकेचे कागद घ्यायला सांगितले.

मला एक गोष्ट केव्हाची टोचत होती. पासपोर्ट काढणाऱ्याची चौकशी त्याच्या हद्दीतल्या ठाण्यात होते. आमच्याकडे ती माणसं व्हरांड्यातल्या बाकावर बसायची. तो बाक मी रोज पुसायचे. बसलेले लोक मलाच पाणी मागायचे, मलाच विचारायचे, मावशी, किती वेळ लागेल? या बाराही जणी आमच्याच हद्दीतल्या. त्यांतली एक जरी आली असती तरी मला हाक मारल्याशिवाय राहिली नसती.

पण सगळ्या नोकरीत साहेबांसमोर मी न विचारता कधी तोंड उघडलं नव्हतं. सहलवाला फाईल उचलून उठला.

"साहेब, बोलू का?"

"चहा नको आत्ता, मावशी."

"चहाचं नाही. या जणी पासपोर्टच्या चौकशीला आपल्याकडे आल्याच नाहीत कधी."

सहलवाला हसला. "अहो मावशी, तत्काळमधले आहेत ते. तत्काळला पोलीस लागत नाहीत."

"नंतर लागतात," मी म्हणाले. "तत्काळवालेही त्याच बाकावर येऊन बसतात. जास्त कुरकुर तेच करतात."

साहेबांनी त्याला खाली बसायला सांगितलं आणि पासपोर्टचं काम बघणाऱ्या हवालदारांना बोलावलं. हवालदार बारा नावं एकेक करून संगणकात टाकत होते. माझ्या हातात तिचा हात होता.

"एकही नाव नाही, साहेब."

"मग वकिलातीत काय ठेवलंत? झेरॉक्स?" साहेब त्याला म्हणाले. "आणि पासपोर्टसाठी बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात, ते द्यायला या जणी कुठं गेल्या होत्या? तारीख सांगा."

त्याने पाणी मागितलं. मी आणून दिलं. संध्याकाळपर्यंत त्याने कबूल केलं. पैसे पूर्ण मिळाले होते. या बायकांच्या पैशांवर त्याने आधीच्या लोकांना फिरवून आणलं होतं. पासपोर्टचा एक अर्जही भरला नव्हता. पावती नाही म्हणून आळ त्या बाईवर ढकलायचं ठरवलं होतं.

त्या केसने मला शिकवलं की ज्याच्या हातात फाईल असते त्याचं आधी खरं वाटतं. पैसे कुठं गेले हे सगळे विचारत होते, काम झालं का हे कोणी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, तरी मी तासभर गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

सहलवाल्याने जामिनाच्या वेळी काही पैसे कोर्टात भरले, बाकीचे हप्त्याने. दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस मंडईत त्या विधवा बाईशी कोणी धड बोललं नाही, तिच्यावर आळ घेतल्याच्या लाजेनेही असेल. शेवटचा हप्ता मिळाला तेव्हा अकरा जणी म्हणाल्या, वाटणी तूच कर. तिने प्रत्येकीच्या हातात तिचे पैसे ठेवले, प्रत्येकीला मोजायला लावले, आणि मग आपले घेतले. सगळ्यांचे सगळे पैसे फिटले.