त्या पिक्चरातली आई

पेणजवळच्या आमच्या जोह्यातल्या कारखान्यात टीव्ही लावून काम करायची पद्धत आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, सगळीकडे गणपती. हात रंगात, कान टीव्हीत. मालिकेतल्या सासवांना नावं ठेवता ठेवता रांगच्या रांग पितांबरं रंगवून होतात. त्या दुपारी मात्र माझ्या मुलीनं एक पिक्चर लावला. कुठल्यातरी थंड देशातला, हिंदीत बोलणारा, रक्त पिणाऱ्या मुलीचा.

"देवासमोर असलं काय लावतंस गो?" शेजारची आत्या म्हणाली. ती माझ्या सासूच्या वेळेपासून आमच्याकडे रंगाला येते. बोलली, पण तिचीच मान टीव्हीकडे वळलेली.

माझ्या मुलीचं सांगते. तिच्या अंगात रक्त धरत नाही. लहानपणापासून दर तीन-चार आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, तेव्हा ती जगते. माझा भाऊ रोह्याला कंपनीत आहे. त्याच्या शिफ्टमधली पोरं रक्त देतात, म्हणून आमची वारी रोह्याच्या दवाखान्यातच. बारावीला आहे ती आता. गणपतीच्या डोळ्यांची आखणी तीच करते, आणि तिच्यासारखा हात आमच्या आळीत कुणाचा नाही. कौतुक म्हणून नाही सांगत. आखणीची रेघ हलायला लागली की मी ओळखते, रोह्याला जायची वेळ झाली.

तर पिक्चर. त्यात सुळे नाहीत, वटवाघळं नाहीत. एक विधवा बाई खाणावळ चालवते आणि वरच्या खोलीत तिची आजारी मुलगी. मुलीला ऊन सोसत नाही, अन्न पचत नाही. ही बाई एकटीदुकटी, मागेपुढे कोणी नसलेली माणसं हेरते, त्यांना पोटभर गरम जेवायला घालते आणि मग वर पाठवते. शेवटी ती म्हातारी होते, जिना चढवत नाही. एका सकाळी मुलगी आपल्याच हातानं खिडकीचा पडदा सरकवते आणि उन्हात उभी राहते. आई खाली डोळे मिटून बसलेली. झोपलीय की जागी आहे, ते दाखवलंच नाही.

मग काय, शेडमध्ये पंचायत बसली.

"ती पोर नाय, ती आईच खरी डाकीण," आत्या म्हणाली. "लोकांच्या जिवावर आपलं लेकरू पोसायचं?"

माझी जाऊ म्हणाली, "मेली ती माणसं बिचारी कोणाची नव्हती. पोर तरी कोणाची तरी होती." लगेच तिलाच ते बोलणं खटकलं असावं, ती खाली वाकून रंग ढवळायला लागली.

माझा नवरा दारात साचा खोलत होता. तो म्हणाला, "आई जागी होती. मुद्दाम डोळे मिटले तिनं."

"झोपली असंल," मी म्हटलं. "जागी असती तर उठली असती." माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला माहीत आहे. मी पुढं बोललेच. "आणि डाकीण कसली? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तिच्या जागी असते ना, तर मीही तेच केलं असतं. जेवायला घालत सुद्धा बसले नसते."

आत्या हसली. माझी मुलगी हसली नाही. तिनं ब्रश पाण्यात टाकला आणि आत गेली.

रोह्याला जायच्या दिवशी ती उठलीच नाही. "मी नाय येत," म्हणाली. भावाचा फोन, दोन पोरं देऊन गेलीत, बाटली तयार आहे. मी ओरडले, पाया पडले, तिच्या बापाला पुढं केलं. ढिम्म. पुढचे दिवस तिचा चेहरा शाडूसारखा होत गेला. न्हाणीपर्यंत जाऊन आली तरी धाप लागायची. शेडमध्ये गणपती डोळ्यांवाचून उभे राहिले. दुसऱ्या कोणाला आखणीला बसवायचा मला धीर होईना.

मला वाटलं, पोरीनं त्या पिक्चरातल्या मुलीत स्वतःला बघितलं. मी पेज घेऊन तिच्या उशाशी बसले. "तू काय तिच्यासारखी हायस? तुला माणसं आपल्या खुशीनं देतात. चहा-बिस्किट खाऊन हसत घरी जातात."

"ते म्हायती हाय मला," ती म्हणाली. "मला माझी नाय, तुझी भीती वाटली."

मी पेज ढवळायला लागले.

"पिक्चर मी आधीच बघितला होता. तू काय बोलतेस ते ऐकायचं होतं, म्हणून लावला." जरा थांबून, श्वास घेऊन म्हणाली, "उन्हाळ्यात कुठं बाटली मिळत नव्हती. मामाच्या शिफ्टमधला तो दादा, त्यानं नुकतंच रक्त दिलं होतं. तरी तू त्याला डॉक्टरांशी खोटं बोलून परत द्यायला लावलंस. तो जिन्यात पडला."

"पडला. पण उठला ना?"

"नसता उठला तर?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी तो जिन्यात पडलेला असताना मी आधी हातातल्या बाटलीकडे बघितलं होतं, मग त्याच्याकडे.

"मी येते रोह्याला," ती म्हणाली. "पण मला वचन दे. मागायचं, हात जोडायचे. नाय मिळालं, तर नाय. रिकाम्या हातानं माझ्याजवळ येऊन बसायचं."

मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं नाही.

"उद्या जाऊ, तिथं बोलू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेणहून रोह्याची एसटी धरली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती, वजन काही जाणवतच नव्हतं. दवाखान्यात नर्सबाईंनी बाटली लटकवली आणि हात मागितला. मुलीनं हात पदराखाली धरल्यासारखा ओढणीत धरून ठेवला.

"आई, बोल."

नर्सबाई सुई घेऊन उभ्या. बाटली वर डोलत होती. एवढ्याशा खोलीत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "नाय मिळालं, तर नाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रोज डोळेच आखते ती, खोटे डोळे तिला कळायला कितीसा वेळ लागणार. मग मान दुसरीकडे वळवली, आणि ओढणीतून हात बाहेर काढला.