दिंडोरीहून कॅरिबियनला गेलेला मुलगा

ती केस मला आजही क्रमवार सांगता येते, पण इथे मी तारखा लिहीत नाही आणि कोणाचे नावही घेत नाही. त्या घरातल्या माणसांना आता शांतपणे राहू द्यायचे आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर पाहुण्यांना काय काय दाखवतात आणि कुठे खरेदीला नेतात, हे मला एखाद्या गाइडइतके पाठ आहे. मी स्वतः तिकडे कधी गेलेले नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या बायकोने मला ते शिकवले. नातवंडांनो, तुम्ही फोनवर नेहमी म्हणता, आजी, तुझ्या नोकरीतले काहीतरी खरे लिही. तर हे खरे आहे.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यात पोलीस निरीक्षक होते. सकाळी हजेरी घ्यायची, स्टेशन डायरी वाचायची, रात्री आणलेल्या लोकांची विचारपूस करायची, मग चहा, असा माझा क्रम असे. त्या दिवशी चहाच्या आधीच फोन आला. इंदिरानगरमधला एक झेरॉक्सवाला बोलत होता.

"मॅडम, तो परदेशी नोकरीवाला परत सुरू झालाय. सकाळपासून नऊ पोरांचे पासपोर्ट झेरॉक्स करून नेले."

"नऊ? नीट मोजलेत?"

"मशीन माझं आहे मॅडम, मीच मोजणार. पण माझं नाव नको यायला."

"नाव सोडा, तुमच्या दुकानाचा रंगसुद्धा कोणाला कळणार नाही."

या माणसाविरुद्ध आमच्याकडे आधीच एक फिर्याद होती. कॅरिबियन बेटावरच्या रिसॉर्टमध्ये नोकरी लावतो, असे तो मुलांना सांगायचा. पाहुण्यांना फिरवायचे काम, राहणे-खाणे फुकट. पंधरा दिवस ट्रेनिंग द्यायचा, एक छापील इंग्रजी पुस्तिका पाठ करून घ्यायचा आणि मुंबईला नेऊन एका लॉजमध्ये सोडून यायचा. व्हिसा खोटा निघायचा. फसलेली मुले गुपचूप घरी परतायची. पुढे येऊन बोलला होता फक्त एक जण, आणि एकट्याच्या फिर्यादीवर खटला टिकवणे अवघड असते.

आम्ही एजंटला अटक केली आणि दोन पंच घेऊन त्याच्या कार्यालयाची झडती घेतली. भिंतीवर एक मोठी फ्रेम होती. डोक्यावर पदर घेतलेली पन्नाशीची एक बाई हातात द्राक्षांची पेटी धरून उभी होती आणि शेजारी हा गृहस्थ हसत होता.

चौकशीत तो जराही डगमगला नाही. आरडाओरडा करणारा आरोपी सोपा असतो, दमला की बोलतो. हा रुमालाने चष्मा पुसत बसला होता.

"मॅडम, एका मुलाचं नाही जमलं म्हणून मी चोर? फोटोतल्या बाईंना विचारा. त्यांचा मुलगा तेरा महिने तिथे नोकरी करतोय. स्वतः पेटी घेऊन आल्या होत्या आभार मानायला. मी नाही बोलावलं."

त्याचा वकील जामिनाच्या वेळी हाच फोटो दाखवणार, हे उघड होते. एजंट सुटला असता तर ते नऊ जण आठवड्यात त्याच लॉजवर पोहोचले असते. पासपोर्टची माहिती मागवणारे पत्र मी पाठवले होते, पण उत्तर यायला किती दिवस लागतील, ते कोणी सांगू शकत नव्हते. म्हणून एका महिला हवालदाराला घेऊन मी त्या गावी गेले.

बाईंनी आम्हाला ओट्यावर सतरंजी घालून बसवले. पोलीस आलेले पाहून आधी घाबरल्या. मुलाची चौकशी आहे म्हटल्यावर एकदम खुलल्या.

"पासपोर्टचं काय काम असंल ना? विचारा की. लय मोठ्या हाटेलात हाय तो. बाहेरच्या पाव्हण्यांना गाव दाखवतो."

"रोज काय काम असतं, काही सांगतो?"

"सांगतो म्हंजे! दर रविवारी फोन असतो. मी लिहूनच ठेवते. सातवी शिकलेय मी."

त्यांनी आतून एक शंभरपानी वही आणली आणि मोठ्याने वाचू लागल्या. सोमवारी तोफांचा जुना किल्ला. मंगळवारी धबधबा, तिथे सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून पाण्यातून वर चढायचे. बुधवारी गवती टोप्या आणि टोपल्यांचा बाजार, तिथल्या बायका घासाघीस केली तर हसतात, रागवत नाहीत. गुरुवारी काचेच्या तळाची बोट, खाली मासे दिसतात. शुक्रवारी मोठे जहाज लागते, म्हणून घड्याळांची आणि अत्तरांची दुकाने. शनिवारी मसाल्याची बाग.

"जायफळ तिकडं झाडाला लागतं म्हने. मी म्हटलं, येताना दोन मुठी आण, पुरणात घालायला."

आमच्या हवालदार बाईंनी विचारले, "काकू, त्याचा फोटो दाखवा की तिथला."

बाईंनी मोबाइल पुढे केला. समुद्र, बाजार, धबधबा, सगळे होते. मुलगा एकाही फोटोत नव्हता.

"तोच काढतो ना फोटू, मग त्यात कसा येईल?" बाई म्हणाल्या, आणि आमच्याच अडाणीपणाला हसल्या.

वहीतला क्रम मला ओळखीचा वाटत होता. जप्त केलेल्या पुस्तिकेत हीच ठिकाणे याच ओळीने होती, आणि आदल्या संध्याकाळी मी नकाशा समोर ठेवून ती तपासली होती. पुस्तिका बनवणाऱ्याने वेगवेगळ्या बेटांवरची चांगली चांगली ठिकाणे उचलून एकत्र छापली होती. किल्ला एका बेटावर, धबधबा दुसऱ्यावर, जायफळाची बाग तिसऱ्यावर. एका हॉटेलच्या बसमधून सोमवार ते शनिवार हे सगळे दाखवणे कोणाला शक्य नव्हते. म्हणजे मुलाने ती बेटे पाहिलेली नव्हती. पण मग तो होता कुठे?

ते समजले त्याच्या वडिलांकडून. ते मला बांधापर्यंत सोडायला आले. बाग फुलोऱ्यात होती. मी सहज म्हणाले, "यंदा बाग छान दिसतेय."

"पोरामुळं वाचली मॅडम. मागल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला त्याचा फोन. म्हनला, अण्णा, दव पडतंय, दहाच्या आत फवारणी उरका, नाय तर डावणी रोग बसंल. मी म्हटलं, आपल्याकडं तर कोरडं हाय. तर म्हनला, नदीकडनं धुकं वर सरकतंय, तासाभरात येईल तुमच्याकडं. आन् आलंच की…"

बोलता बोलता ते थांबले. ज्यांची द्राक्षे आहेत, त्यांना ठाऊक आहे की फुलोऱ्यातल्या बागेवर दव बसले तर वर्ष हातचे जाते. तेरा महिने खोटे सांभाळणाऱ्या त्या मुलाला धुके दिसल्यावर गप्प बसता आले नव्हते. मोबाइलवर हवामान दिसते, पण आपल्या नदीवरचे धुके कोणत्या बाजूला सरकते आहे, हे बेटावर बसून दिसत नाही.

वडिलांनी एक घड हाताने उचलून पाहिला. मग हळूच म्हणाले, "नदीकाठालाच असंल मग कुठंतरी. मॅडम, तिला इतक्यात सांगू नका."

"बघते," मी म्हणाले. पोलीस 'बघते' म्हणतो तेव्हा त्याने काही कबूल केलेले नसते, हे त्यांना माहीत नसावे.

त्या नदीच्या काठाला दोन-तीन वायनरी आहेत, जिथे शहरातले लोक फिरायला जातात. पाहुणे फिरवण्याचे ट्रेनिंग घेतलेला मुलगा दुसरे कुठे काम शोधणार? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साध्या साड्या नेसून गेलो. दुसऱ्या वायनरीतच तो सापडला, झडतीत मिळालेल्या त्याच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवरचाच चेहरा. गळ्यात ओळखपत्र, पंधरा-वीस पाहुण्यांचा घोळका मागे. स्टीलच्या टाक्या दाखवल्या, लाकडी पिंपे दाखवली, घडात साखर कशी भरते ते तर इतके जीव लावून सांगितले की मीही ऐकत राहिले. शेवटी म्हणाला, "सावकाश या, घाई नाही. बाहेर पडताना डाव्या हाताला आपलं दुकान आहे." पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा शेवट असाच होता. आधी सावलीत थांबवा, मग पाणी द्या, मग दुकानातून बाहेर काढा.

पाहुणे दुकानात शिरल्यावर मी त्याला माझे ओळखपत्र दाखवले. तो पळाला नाही. फक्त म्हणाला, "पाहुण्यांसमोर नको मॅडम. मी येतो."

ठाण्यात आल्यावर मात्र तो जबाब द्यायला तयार होईना.

"माझी काही तक्रारच नाही. मला त्यात पाडू नका."

"तुला फसवलं त्याने."

"फसलो मी. चूक माझी."

"मुंबईहून घरी का नाही गेलास?"

"गेलो होतो. दिंडोरी फाट्यापर्यंत आलो. तिथनं आईला फोन लावला, तर मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, पोहोचला का बाळा? मागे बायका बसलेल्या होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या तोंडून 'हो' गेलं. मग एका 'हो'साठी दर रविवारी काहीतरी सांगावं लागलं."

मी त्याच्यासमोर एजंटच्या भिंतीवरची ती फ्रेम ठेवली. त्याने ती पूर्वी पाहिलेली नव्हती. आई शहरात येऊन त्या माणसाला भेटली, हेच त्याला माहीत नव्हते.

"तुझ्यानंतर जी मुलं आली, त्यांच्या घरच्यांना तो हा फोटो दाखवायचा," मी म्हणाले. "आता आणखी नऊ जण निघालेत. तुझ्या आईकडे बघून."

त्याने फ्रेम पालथी ठेवली. पाणी मागितले. मग म्हणाला, "लिहून घ्या. सगळं सांगतो. फक्त आधी मला पाच मिनिटं द्या. आईला मी सांगतो. माझ्या तोंडून कळू द्या."

मी नाही म्हणाले. कारण बिनतोड होते. आई वहीमुळे साक्षीदार होती, तोही साक्षीदार. जबाब नोंदवण्याआधी दोन साक्षीदार एकमेकांशी बोलले की वकील त्याचे काय करतो, हे मी अनेकदा पाहिले होते. दोघांचे जबाब पूर्ण होईपर्यंत त्याला आतल्या खोलीत बसवले आणि आईवडिलांना बोलावून घेतले.

बाई आल्या तेव्हा हातात डबा होता. ठाण्यात यायचे म्हणजे वेळ लागणार, म्हणून नवऱ्यासाठी भाकरी बांधून आणली होती. मी त्यांना खुर्ची दिली आणि जमेल तितक्या सौम्य शब्दांत सांगितले की मुलगा परदेशात गेलेला नाही. लिहून घेणारा हवालदार बसलेला होता, दारात दोन माणसे दुसऱ्याच कामासाठी उभी होती. बाईंनी सगळे ऐकले. पदर सारखा केला. वही पुढे ठेवली आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे नीट उत्तर दिले. सही केली. इतका स्वच्छ जबाब मला क्वचित मिळाला असेल.

मग मी मुलाला बाहेर आणले. तो दाराशीच थांबला. बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"दिवाळीला कुठं जेवला?"

त्याने गळ्यातले ओळखपत्र काढून खिशात घातले.

"इचारते मी. पाडव्याला कुठं जेवला?"

"खानावळ बंद होती आई."

"मंग?"

"पाव खाल्ला."

बाईंनी डबा उघडला आणि माझ्या टेबलावरच्या फायली हाताने बाजूला सारून तो त्याच्यासमोर ठेवला. मला विचारले नाही. तो उभ्यानेच खाऊ लागला. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्याने नजर वर न करता विचारले, "फवारणी झाली का वेळेत?" ते म्हणाले, "झाली."

निघताना बाई माझ्यापाशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या.

"मॅडम, तुमी तुमचं काम केलं. पन हे त्याच्या तोंडून आलं असतं ना, तर मी माझ्या घरात बसून रडले असते. हितं चार माणसांत मला रडता बी आलं नाय."

खटला टिकला. ते नऊ जण गेले नाहीत. कोर्टात बचावाच्या वकिलाने मुलाला विचारले, "तेरा महिने आईशी खोटं बोलणाऱ्यावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?" तो म्हणाला, "ते खोटं होतं, हे मीच सांगायला आलोय." एजंटला शिक्षा झाली. माझ्या सेवापुस्तकात या तपासाबद्दल चांगला शेरा आहे. मुलगा आजही पाहुण्यांना फिरवतो, फक्त रात्री जेवायला घरी असतो.

या केसने मला तपासाची एक गोष्ट शिकवली. गुन्हा करून पळालेला माणूस लांब जातो. लाजेने पळालेला जवळच राहतो, जिथून घरचे धुके दिसेल इतक्या जवळ. पुढे कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी घरातून गेल्याची नोंद आली, की मी शोध आधी तासाभराच्या अंतरात घ्यायला लावायचे, आणि बहुतेक वेळा तिथेच पत्ता लागायचा.

दुसरी गोष्ट मी कोणाला शिकवली नाही, कारण ती नियमात बसत नाही. मूल सापडले की मी माझ्या खोलीतला फोन त्याच्याकडे सरकवायचे आणि चहा सांगण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहायचे. बंद दारामागून कधी हुंदके ऐकू येत. माझ्या स्टेशन डायरीत वेळेची खाडाखोड सापडणार नाही, अशी माझी ख्याती होती. ती पाच-पाच मिनिटे मात्र मी एकदाही लिहिली नाहीत.