कंपाउंडच्या भिंतीवरचे चार दिवे

“कांबळे साहेब, तुमचा तो डबा आधी काढून टाका. उद्या हळद हाय. अंगण अंधारात ठेवू का?”

दत्ता जाधव बोर्डासमोर उभे होते. औशात बाजार समितीच्या मागे त्यांचं घर आहे. लग्न त्यांच्या बहिणीचं. ‘डबा’ म्हणजे ईएलसीबी. फेजच्या वायरीने जेवढी वीज बाहेर जाते, तेवढीच न्यूट्रलच्या वायरीने परत यायला हवी. कमी आली, तर उरलेली कुठेतरी गळते आहे. भिंतीत, जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून. अशा वेळी हे उपकरण पुरवठा तोडतं.

त्या घरातला नवा बोर्ड मी लातूरहून येऊन बसवला होता. तेव्हा रंगकाम सुरू होतं आणि कंपाउंडचे चार दिवे उतरवलेले होते. रंग झाल्यावर दिवे परत बसवले, आणि ते लावले की ईएलसीबी पडून घरभर अंधार.

“जुन्या बोर्डावर काही झालं न्हाई,” जाधव म्हणाले.

“जुन्या बोर्डाला ईएलसीबीच नव्हता.”

“मग तसंच करा की.”

“नाही करणार.”

पहिला संशय पाण्याचा. दिव्यात पाणी शिरलं की वीज गळते. मेन बंद करून चारही दिवे उघडले. आत कोरडं होतं. रबरी पट्ट्याही शाबूत. वायर मेगरने तपासली. हा मीटर वायरीवरचं आवरण कुठे फाटलंय का ते सांगतो. आवरण चांगलं होतं.

मग दिव्यातल्या जोडण्या पाहिल्या. घराकडून एकच लाल वायर आली होती. न्यूट्रल नव्हताच. दिव्याचं दुसरं टोक भिंतीवरून खाली उतरून गेटजवळच्या मातीत गेलं होतं. तिथे लोखंडी सळई ठोकलेली. दिव्याच्या धातूच्या बॉडीची हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायरही त्याच सळईला गुंडाळलेली.

“हे कुणी केलं?”

“मीच. सालगड्याला संगं घेऊन. शेतात स्टार्टरच्या खोलीत बल्ब असाच हाय. एक फेज घ्यायची, दुसरं टोक जमिनीत. बापाच्या काळापासून चालतोय.”

शेतातल्या पंपाला तीन फेज लागतात, न्यूट्रल लागत नाही. म्हणून तिथल्या बल्बसाठी लोक जमिनीचाच न्यूट्रल करतात. जाधवांनी शेतातली पद्धत घरी आणली होती. ईएलसीबीच्या दृष्टीने चारही दिव्यांची सगळी वीज गळतच होती.

त्यांच्या आई पायरीवर हळकुंडं निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “त्या सळईपाशी पाणी टाकावं लागतंय. माती सुकली की लाइट लुकलुकती. तांब्याभर टाकलं की लख्ख.”

“दिवे चालू असताना टाकता?”

“मग? बंद असल्यावर कळल कसं?”

“पायात चप्पल असते, मावशी?”

“न्हाई. तुळशीला घालून तशीच येते. पायाला मुंग्या येतात तिथं. वय झालं आता.”

“लातूरला दाखवलं तिला,” जाधव म्हणाले. “गोळ्या चालू हायत.”

मी त्यांना सांगितलं, की कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. मग विजेचा दाब सळईवर, आसपासच्या मातीवर आणि दिव्याच्या बॉडीवर साचतो. आई रोज तिथे ओल्या पायांनी उभ्या राहत होत्या. मुंग्या वयाच्या नव्हत्या. आता घरापासून दिव्यांपर्यंत न्यूट्रलची वायर न्यायची, तर भिंत फोडावी लागू शकते, असंही सांगितलं.

जाधव पायरीवर बसले. मग म्हणाले, “पण भिंत फोडू नका. रंग ओला हाय अजून.”

“मग दिव्यांचं कनेक्शन तोडतो. दोन्हींतलं एक सांगा.”

उत्तर आईंनी दिलं. “फोडा साहेब. हळद पोरीला लावायची हाय, भिंतीला न्हाई.”

जुन्या पाइपातून वायर ओढून पाहिली. गेटच्या कोपऱ्यावर पाइपात सिमेंट बसलेलं होतं. तेवढी भिंत फोडली, नवा पाइप टाकला. फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा तीन वायरी ओढल्या. हिरवी वायर घराच्या मुख्य अर्थिंगला जोडली. दिव्यांत वायर खालच्या बाजूने घेतली, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत उतरत नाही. सळई उपटून जाधवांच्या हातात दिली.

दिवेलागणीला स्विच दाबला. चारही दिवे लागले, ईएलसीबी जागेवर राहिला. मी त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. घर अंधारलं.

“गेली का परत?” जाधव उठले.

“ही मी घालवली. वेळेला पुरवठा तोडतो का, ते पाहिलं. महिन्यातून एकदा तुम्हीही दाबा.”

दुसऱ्या दिवशी हळद झाली. पिवळ्या भिंतीवर सिमेंटचा करडा पट्टा तसाच होता. त्यानंतरच्या आठवड्यात जाधवांचा फोन आला. शेतातल्या बल्बची जोडणीही बदलायची होती.

ईएलसीबी काढून टाका, असे फोन मला अजून येतात. सारखा पडणारा ईएलसीबी बहुतेक वेळा शाबूत असतो. काढून टाकण्याजोगी गोष्ट वायरीच्या दुसऱ्या टोकाला सापडते.