शिशाला पांढरी दोरी

गळ विकणाऱ्या त्या बाईंवर पहिल्या दिवसापासून माझा विश्वास नव्हता. माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा नऊ दिवसांवर, आणि ही रोज संध्याकाळी तीन तास त्यांच्या दुकानात. घरी यायची ती बोटांवर चरे घेऊन.

"मावशी गाठी शिकवतात, आई. फुकट."

फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी चौकशी केली. बाई पूर्वी शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायच्या. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक अरुंद खोली घेतली आणि गळ बांधून विकायला सुरुवात केली. त्याला तीस वर्षं झाली. गंमत म्हणजे त्यांनी स्वतः कधी पाण्यात गळ टाकलेला नाही. काठावर उभं राहिलं की त्यांना गरगरतं. गिऱ्हाइकं तुटलेली दोरी आणून भांडायची, आणि ती कुठे तुटली हे बघून बघून बाई नदीचा तळ शिकल्या. नवरा मात्र फार पूर्वीच घर सोडून गेला. समोरचा शिंपी म्हणाला, "लग्नाची सोडली तर त्यांची एकही गाठ आजवर सुटलेली नाही."

यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळेच माझा संशय वाढला.

मुलीने मात्र जेवता जेवता मला सगळं शिकवून टाकलं होतं, मी न विचारता. संथ तळ्यात दोरीला हलका तरंडा बांधायचा. तो बुडाला की मासा लागला. वाहत्या पाण्यात तळाशी जड शिसं आणि त्याच्या वीतभर वर गळ. शेवाळ असेल तर गळाचं टोक आमिषात लपवायचं. आणि दगडगोट्यांचा तळ असेल तर दोन दोऱ्या: गळाला पक्की हिरवी, शिशाला कच्ची पांढरी. शिसं दगडात अडकलं तर पांढरी तुटते. शिसं जातं, पण मासा हातात राहतो.

परवा मी न सांगता दुकानात जाऊन उभी राहिले. मुलगी मागच्या बाजूला स्टुलावर बसून दोरी कापत होती. मला बघताच तिचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या खिळ्यांना गळांचे जुडगे लटकत होते, प्रत्येकाला चिठ्ठी, आणि चिठ्ठ्यांवर अक्षर माझ्या मुलीचं! म्हणजे शिकवणी वगैरे काही नाही, हिला राबवून घेताहेत.

"काय देऊ?" बाईंनी विचारलं. माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत. मला वाटलं, नजर चुकवताहेत.

मी 'दगड' लिहिलेल्या खिळ्यावरून एक जुडगा काढला आणि बघतच राहिले. हिरवी दोरी शिशाला, पांढरी गळाला. सरळ उलटं.

"वा, बाई!" मी म्हणाले. "मासा लागला की गळासकट पळणार, आणि गिऱ्हाईक उद्या नवा गळ घ्यायला तुमच्याच दारात. चांगला धंदा मांडलाय."

"आई, थांब ना!" मुलगी धावत आली.

बाईंनी हात पुढे केला. जुडगा घेऊन त्या दाराच्या उजेडात गेल्या. दोरी डोळ्यांजवळ धरली, मग लांब, मग पुन्हा जवळ. बोटांनी चाचपली. पण इतकी वर्षं दोऱ्या ओढून बोटांची कातडी टणक झालेली. कच्ची कुठली, पक्की कुठली, बोटांना काय कळणार?

"खाली कोणता रंग आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मुलीकडे बघितलं.

"मोतीबिंदू आहे," मुलगी म्हणाली. "ऑपरेशनला अजून बावीस दिवस आहेत. त्या बांधतात, मी रंग तपासते. हा एक राहिला माझ्याकडून."

"नदीवर कळलं तर माझ्या हातचा गळ पुन्हा कोणी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "आता सांगा हवं त्याला."

"मला कोणाला काही सांगायचं नाही. उद्यापासून ही घरी अभ्यास करेल. तपासायला मी येईन."

"तुम्ही?" बाई ताठ झाल्या. "का? आत्ता तर चोर म्हणत होतात."

"तुमच्यासाठी नाही हो. हिचं वर्ष वाया जायला नको म्हणून."

हे त्यांना पटलेलं दिसलं. कळवळ्याने येते म्हणाले असते तर त्यांनी मला बाहेरचा रस्ता दाखवला असता. तरी नदीचे, दोन दोऱ्यांचे गळ त्यांनी माझ्या हाती दिलेच नाहीत. तळ्याच्या गळांचा एक ढीग माझ्या मांडीवर टाकला.

"आधी एवढे बघा. आणि तू," त्या मुलीला म्हणाल्या, "आईने तपासलेले घरी जाण्याआधी एकदा परत बघ."