पाचव्या पायरीवरचा श्वास

माझा धाकटा भाऊ जाहिरातींना संगीत देतो. साबण, रंग, पंखे, जे येईल ते. बावीस वर्षांत पडद्यावर त्याचं नाव एकदाही आलं नाही, कारण जाहिरातीत ते देतच नाहीत. म्हणून एका म्हाताऱ्या पोस्टमनवरच्या माहितीपटाचं काम आलं तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त नाचले. तासाभराची फिल्म, आणि शेवटी नाव!

या धंद्यात एक वाईट खोड आहे. संगीत तयार होईपर्यंत चित्रं जोडणारा माणूस त्यांच्याखाली तात्पुरतं दुसऱ्याच कुणाचं तरी संगीत लावून ठेवतो. दिग्दर्शक महिनाभर तेच ऐकतो, त्याच्यावर जीव जडवून बसतो आणि मग संगीतकाराला म्हणतो, अस्संच हवं, पण हे नको.

या वेळी भावाने चित्रफीत लावली आणि खो-खो हसत सुटला. खाली लावलेली सुरावट त्याचीच होती. पंधरा वर्षांपूर्वी पंख्याच्या जाहिरातीसाठी केलेली. कुणीतरी ती इंटरनेटवर बिननावाची टाकली होती.

"अरे, मग सांग ना त्यांना!"

"हक्क पंखेवाल्या कंपनीचे आहेत, ताई. सही केलीय मी. नवीन करतो."

ती सुरावट आली कुठून, हे मला ठाऊक होतं. गिरणीत पाय चेचल्यावर बाबा जिना चढायचे, तो आवाज आहे तो. एक पाऊल ठाम, दुसरं फरफटत. पाचव्या पायरीवर थांबून श्वास घ्यायचे. आम्ही दोघं आत पुस्तकं उघडून बसलेलो, पण कान जिन्याकडे. पाच ठोक्यांनंतर सुरावटीत जी रिकामी जागा आहे, ती हीच.

भावाने नवीन केली. नक्कल वाटू नये म्हणून ती जागा मुद्दाम सातव्या ठोक्यावर नेली. चूक तिथेच झाली.

दिग्दर्शक ऐकायला घरी आला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या आमच्या मागच्या खोलीत असा पसरून बसला, जणू खोली त्याला आंदण मिळालीय. ऐकून म्हणाला, "छान आहे हो. पण मूळच्यात जीव आहे. तो थांबणं खरं वाटतं. तुमचं आपलं थांबायचं म्हणून थांबलंय. त्या संगीतकाराची प्रेरणाच वेगळी असणार."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी आदळलाच.

"प्रेरणा? आमच्या बाबांचा दम आहे तो! आणि तो संगीतकार तुमच्या समोर बसलाय!"

"ताई, तू आत जा."

"नाही जात. तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलंय?"

दिग्दर्शक गडबडला, पण घटकाभरच. लगेच चेहरा उजळला. "मग तर सोप्पं झालं! हीच द्या. फक्त ती मधली जागा व्हायोलिनने भरून टाका, म्हणजे कंपनीला ओळखू येणार नाही. नाव तुमचंच."

भावाने सांडलेला चहा पुसायला घेतला. मला वाटलं, हो म्हणणार. देवाशपथ, मलाही क्षणभर वाटलं की म्हणावं.

"ती जागा नाही भरणार," तो म्हणाला. "दुसरा कुणी बघा."

दुसरा मिळाला. मिळतोच. माहितीपट लागला तेव्हा आम्ही घरीच बघितला. सुरावट तीच, दोन सूर इकडचे तिकडे, आणि शेवटी कुणा भलत्याचंच नाव. रोज सकाळी देवापुढे बसते, राग मनात धरू नये हे लहानपणापासून वाचत आलेय. दुसऱ्या दिवशी देवाला स्पष्ट सांगितलं, हा राग माझ्याकडून काढून घेऊ नकोस, मला हवाय.

पडद्यावर तो म्हातारा पोस्टमन थैली सावरत जिना चढत होता, मध्येच कठडा धरून उभा राहत होता, आणि ते मेलं व्हायोलिन त्याला श्वास घेऊ देत नव्हतं.