निसारने भरलेली रेवाची गादी

निसार पिंजारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण गादीच्या बाबतीत त्याच्यापुढे मी तोंड उघडत नसे. भद्रकालीच्या बाजारात त्याचं बोळकांडीएवढं दुकान. लहान मुलाची गादी करायची तर तो आधी मूल मागायचा, माप नंतर. मुलाला दुकानातल्या नमुन्याच्या गादीवर कुशीवर निजवायचं आणि मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवायचं. मणका मध्येच झोळीसारखा लोंबला तर गादी मऊ. खांदा रुतून मूल लगेच कूस बदलू लागलं तर फार कडक. "काकू, पोराचं हाड कोवळं. जसं निजवाल तसं वळतं," म्हणायचा. मऊ गादीचा हट्ट धरणाऱ्या आयांना त्याने दुकानातून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

आपल्याकडे पिंजारी कामाला लागला की घरचं कुणीतरी समोर बसतंच, कापूस बदलला जाऊ नये म्हणून. निसारसमोर मी तीस वर्षांत एकदाही बसले नाही. नात रेवा चार वर्षांची झाली, तिची वेगळी गादी करायची ठरली, तेव्हाही जुन्या गादीतला कापूस त्याला गच्चीवर काढून दिला आणि वणीला बहिणीकडे निघून गेले.

परतले तर गादी छान दिसत होती. पंधरा दिवसांत तिच्यात मधोमध खड्डा पडला. "आजी, पाठ दुखते," करत रेवा उठू लागली. मी सरळ कात्री घेऊन शिवण उसवली. वर बोटभर माझा कापूस, आत फोमचे तुकडे!

गादी रिक्षात कोंबून दुकानात नेली.

"हे काय रे?"

तो गादीकडे बघेना. "निकितावहिनींनी सांगितलं, काकू. हॉटेलसारखी मऊ पाहिजे, आईंना कळू देऊ नका म्हणाल्या."

"आणि तू ऐकलंस?"

"आता गिऱ्हाईक सगळं त्यांच्याच वयाचं. सगळ्यांना मऊच लागतं. किती जणींना परत पाठवू?"

निकिता माझी सून. तिचा राग आला आणि गेला. ह्याचा जाईना.

"तुझी नात रिदा रेवाएवढीच ना? ती कशावर निजते?"

त्याने हातातली सुई खाली ठेवली. "कडक गादीवर."

निदान खोटं तरी बोलायचंस, मेल्या!

"आत्ता भरून देतो, काकू," म्हणत तो उठला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." गादी तिथेच टाकून आले.

रेवा सध्या सतरंजीवर दोन गोधड्या घालून निजते. पाठ दुखत नाही म्हणते. दुसरा पिंजारी अजून मिळालेला नाही. खरं सांगायचं तर शोधलाही नाही.