बघणाऱ्यांचे फोटो

आमचे ड्रॉईंगचे सर शिर्डीला गेले की देवळाकडे पाठ करून उभे राहायचे. गळ्यात कॅमेरा आणि नजर दर्शन घेऊन बाहेर येणाऱ्या माणसांवर. "बाबांचा फोटो कुठल्याही दुकानात मिळतो," ते म्हणायचे, "हा म्हातारा आत्ता कसा हसला, ते कुठं मिळणार?"

मी कोपरगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सर तिथं चांगले मुरलेले होते. सहलीत मुलं किल्ला बघायची आणि सर मुलांना बघायचे. घाटात डोळे गच्च मिटून बसलेली मुलगी, हातातली भाकरी विसरून धरणाच्या पाण्याकडे बघणारा मुलगा, असे त्यांचे फोटो स्टाफरूममध्ये हातोहात फिरत. कुणाला विचारून फोटो काढणं त्यांना मंजूर नव्हतं. "निदान केस तरी नीट केले असते," अशी माझाच फोटो बघून मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "म्हणूनच नाही विचारलं, बाई."

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे कालव्यामुळे थोडा ऊस तरी उभा होता. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडे प्यायलाही पाणी नव्हतं. शाळेनं गोळा केलेलं धान्य घेऊन सर आणि मी तिकडच्या एका खडी फोडण्याच्या कामावर गेलो. मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारकडून येणारं तयार कोरडं खाणं, वाटणं चालू होतं. भामाबाई नावाची एक विधवा पदर तोंडावर ओढून बाजूला बसली होती. घास घेताना तिनं पदर सारला आणि सरांनी बटण दाबलं.

तो फोटो नगरच्या प्रदर्शनात लागला. लोक त्याच्यापुढे थांबत. भुकेल्या माणसाचं समाधान काय टिपलंय, म्हणत. सरांनाही ते समाधानच वाटत होतं.

पुढच्या खेपेला सर भामाबाईसाठी मोठ्या कौतुकानं फोटोची प्रत घेऊन गेले. तिनं ती हातात घेतली नाही.

"काष्टीला लेक दिलीया माझी," ती म्हणाली. "तिच्या दिरानं नगरात ह्यो फोटू बघितला. विहीण खडी फोडती म्हणून त्यांनी तिचं माहेर तोडलं. मी कामावर येते हे लेकीला ठावं न्हवतं. लई जपलं हुतं मी."

सरांचा चेहरा उतरला. "मी निगेटिव्हसुद्धा जाळून टाकतो."

"आता जाळून काय व्हतंय? तिला न्हेऊन दाखवा. मी मागून खाल्लं न्हाई, काम करून खाल्लं, येवढं सांगा."

परक्या घरच्या सुनेशी बोलायचं, बाईमाणूस हवं, म्हणून सरांनी काष्टीला मला बरोबर नेलं. कॅमेरा त्यांनी घरी ठेवला होता. सासू दारातच उभी राहिली.

"ह्यो मास्तर व्हय? आमची अब्रू भिंतीवर टांगली तुमी!"

सरांनी हात जोडले. "चूक माझी आहे. तिच्या आईची नाही."

आवाज ऐकून शेवंता, भामाबाईची लेक, बाहेर आली. मी तिला आईचा निरोप सांगितला आणि फोटो दिला. ती बराच वेळ बघत राहिली.

"सुकडी गोड असती का ओ, बाई?"

मी हो म्हटलं.

"आबा गेल्यापासनं आईनं गोड त्वांडात घातलं न्हवतं," ती म्हणाली. "मन मारून घास घेतलाय तिनं."

सरांनी तिच्या हातातला फोटो पुन्हा नीट बघितला.

शेवंता आत गेली आणि कडेवर पोर, हातात पिशवी घेऊन बाहेर आली. "आत्याबाई, आईकडं जाऊन येते."

"गेलीस तर परत यायचं न्हाई," सासू म्हणाली.

शेवंता आमच्यापुढे स्टँडकडे चालू लागली. पाऊस पडेपर्यंत ती आईशेजारी बसून खडी फोडत होती.

सरांनी प्रदर्शनांना फोटो पाठवणं बंद केलं. अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला नाही. माणसं ताठ उभी राहायची, फोटो चारचौघांसारखे यायचे. भामाबाईच्या कामावर मात्र अधूनमधून जाऊन यायचे.

लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडली. सर मला एसटीवर पोचवायला आले होते. मी शेवंताची चौकशी केली.

"नवरा न्यायला आला होता परवा," ते म्हणाले. "मी तिथंच होतो. भामाबाई रस्त्यापर्यंत आली सोडायला. सासरी तिला कसं वागवतील, कुणास ठाऊक."

"भामाबाई रडली का?"

सरांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"मी बघितलं नाही, बाई. मी खाली मान घालून उभा होतो."